काल तुम्ही येऊन गेलात

१ फेब्रुवारी, शनिवार. कोरीट.

पोचलो एकदाचे. सकाळी सहाला पुण्याहून निघालेली आमची पांढरी गाडी संध्याकाळी पाचला घरासमोर उभी राहिली आणि हेमराजनं हॉर्न असा वाजवला, की लग्न भावाचं नसून याचंच आहे असं वाटावं. अंग आंबलंय, पण मन हलकं आहे. अकरा महिन्यांपूर्वी आम्ही पुण्यात नोंदणीनं लग्न केलं तेव्हा या घरातून कुणीही आलं नव्हतं. आज सासूबाई स्वतः भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी तो माझ्यावरून उतरवून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, “उनात का बेटा? या, या.” एवढं तर मलाही कळलं. आलात का. डोळे भरून आले. हेमराजनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून डिकी उघडायला गेला.

मी चिपळूणची. घराच्या मागच्या दारातून हात लांब केला तर डोंगराला लागेल असं आमचं गाव. इथं मात्र सगळं सपाट. कापूस, पपई, केळी, ऊस, मधूनच मिरचीची पथारी, म्हणजे मैदानभर वाळत घातलेली लाल मिरची, आणि मग परत ऊस. उत्तरेला अगदी दूर सातपुड्याची एक निळी रेघ. हेमराज म्हणाला, इथं पाहुणा निघाला की अर्ध्या तासानं पोचेपर्यंत दिसत राहतो. चहा आधी टाकता येतो.

जेवायला दादरची, म्हणजे इथल्या रब्बी ज्वारीची, भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी. भाग्येश, माझा दीर, सोळा तारखेला बोहल्यावर चढणार म्हणून सगळे त्याला पिडत होते. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. सासूबाईंनी तिसरी वाढली.

२ फेब्रुवारी, रविवार.

कामाची वाटणी झाली. आमच्याकडे पत्रिका वाटायचं काम आलंय. हल्ली सगळं फोनवर पाठवतात, पण जवळच्या अकरा घरी पत्रिका हातात द्यायची, आणि तीही जोडीनं, असं सासूबाईंचं म्हणणं. एकट्यानं आमंत्रण द्यायचं नाही, ते बरं दिसत नाही. शिवाय कुणीच मला पाहिलेलं नाही, तेव्हा या निमित्तानं सूनही पाहून होईल. त्यांना अभिमानानं हे सांगताना ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

दुपारभर हेमराज पत्रिकांवर नावं लिहीत बसला. त्याचं अक्षर डावीकडं कलतं, आणि ‘श्री’पुढचं टिंब तो छोटं वर्तुळ काढल्यासारखं काढतो. मी प्रत्येक पत्रिकेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. उद्या पहिला फेरा. फिरायला मिळणार म्हणून मी लहान मुलीसारखी खूश आहे. लग्नानंतर आमचं कुठं जाणंच झालं नव्हतं. माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक, त्याची ठिबक सिंचनाची कंपनी, आणि रविवारी कपडे. हाच आमचा मधुचंद्र, असं तो म्हणाला. पपईच्या शेतांतून.

३ फेब्रुवारी, सोमवार.

सकाळचे रस्ते फार सुंदर होते. ऊसतोडीच्या बैलगाड्या, कडेनं चाललेल्या बाया, डोक्यावर पाट्या. हेमराज बेसूर गात होता आणि मी त्याला पिकांची नावं विचारत होते. पहिलं घर मंगलाफुईंचं. फुई म्हणजे आत्या, हे आजच शिकले. पंच्याहत्तरीच्या आहेत, पण पाठ ताठ.

त्या ओट्यावर हरभरा सोलत बसल्या होत्या. आम्हाला पाहून हसल्या, पण उठल्या नाहीत. मी पाया पडले तेव्हा म्हणाल्या, “काल तं उनथात तुम्ही. परत कसाले तरास लिधा?”

मला वाटलं, माझ्या कानांची चूक. हेमराजकडे पाहिलं. तो हसत होता. काल तर येऊन गेलात, परत कशाला त्रास घेतला, असं म्हणतेय, तो म्हणाला. फुई, काल आम्ही घरीच होतो, पत्रिका लिहीत. फुईंनी मान हलवली, जशी लहान मुलांच्या खोडीला हलवतात, आणि आत जाऊन कोनाड्यातून पत्रिका आणली.

आमचीच. भाग्येशचं नाव, सोळा तारीख. वर डावीकडं कलत्या अक्षरात त्यांचं नाव, टिंबाऐवजी वर्तुळ. कुंकवाचं बोट. हेमराजनं पिशवी उघडली. फुईंच्या नावाची पत्रिका पिशवीतही होती. दोन्ही शेजारी धरल्या. कुणी म्हणेल एकाच माणसानं एका दमात लिहिल्यात.

तो म्हणाला, दोनदा लिहिली असेल मी, आणि भाग्येश गुपचूप देऊन गेला असेल. फुईंना तेवढं दिसत नाही. मीही मान डोलावली. पण मग मी थांबले, कारण नवी सून पहिल्यांदा घरी आली की ओटी भरतात, आणि मी खरं सांगते, मला ती हवी होती. फुईंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि सांगितलं, तुझी ओटी कालच भरली ना. हिरवा खण होता. तुला आवडला म्हणालीस. पुरणपोळीही दोन खाल्ल्यास.

परत येताना हेमराज गायला नाही. मी विचारलं, हिरवा खण कुणाला दिला असेल? तो म्हणाला, सोड ना.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

रात्री झोप अशी लागलीच नाही. कूस बदलत राहिले. सकाळी भाग्येशला विचारलं, तो फुईंकडे गेला होता का. नाही. हळदीआधी त्याला गावाबाहेरही सोडत नाहीत.

आज नवनीतभाऊंकडे. हेमराजचे चुलतभाऊ, शाळेत क्लार्क आहेत, वय चाळीस, डोळे शाबूत. गेटातच त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव दिसला. पाहुणे आल्याचा आनंद नव्हता तो. काही विसरलं का, असा प्रश्न होता.

काल दुपारी आम्ही आलो होतो म्हणे. चहा घेतला. हेमराज फारसा बोलला नाही, डोकं दुखतंय म्हणाला. मी बंगईवर, म्हणजे ओसरीतल्या झोपाळ्यावर, बसून वहिनींशी तासभर गप्पा मारल्या. हेमराज चिडला. कुणीतरी आपली फिरकी घेतंय असं त्याला वाटलं, आणि खरं तर मलाही तसंच वाटायला हवं होतं. मग वहिनींनी फोनमधला फोटो दाखवला.

बंगईवर आम्ही दोघं. हेमराज बाजूला बघतोय. मी समोर. मी म्हणजे मीच. डाव्या भुवईवरचा व्रण, लहानपणी जांभ्याच्या पायरीवर पडले होते तो. अंगावर कांदापाती रंगाची पैठणी. ती पैठणी मी हळदीसाठी आणलीय. अजून तिची घडीही मोडलेली नाही. कपाटात, कागदात गुंडाळलेली आहे.

नवनीतभाऊ हेमराजला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होते. बहुतेक माझी तब्येत बरी आहे का ते. वहिनी माझ्याशी बोलायचं थांबल्या होत्या. फोटोतल्या बाईशी तासभर बोलल्या होत्या, माझ्याशी बोलायला त्यांना काही सुचेना.

घरी आल्या आल्या कपाट उघडलं. पैठणी आहे. घडी तशीच.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ.

हेमराजशी भांडण. तो म्हणतो, सासूबाईंना काही सांगायचं नाही, घरात लग्न आहे. मी म्हणाले, त्यांना सांगू नको, पण मला तरी सांग तू काय समजतोस. त्यानं उरलेल्या पत्रिका मोजल्या. मग म्हणाला, कुणीतरी आपल्या एक दिवस पुढं चाललंय.

५ फेब्रुवारी, बुधवार.

आज आम्ही हुशारी केली. यादीतला क्रम मोडला. कुठं जायचं ते घरात कुणाला सांगितलं नाही, एकमेकांनाही नाही. चौफुलीवर गाडी थांबवली आणि मी डोळे मिटून म्हणाले, उजवीकडे. उजवीकडच्या रस्त्यावर यादीतलं एकच घर होतं. शांतीबाईंचं. हेमराजच्या आईची मावसबहीण, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, स्वच्छ प्रमाण मराठी बोलतात. निदान ऐकण्यात माझी चूक होणार नाही, एवढंच समाधान.

वाटेत मी सारखी मागं वळून बघत होते. मग पुढं. रस्ता दोन्हीकडं सरळ, दोरीसारखा. लपायला एक टेकाड नाही. एवढं सगळं दिसतं आणि तरी—

शांतीमावशी दारातच होत्या. त्यांनी आधी मला पाहिलं, मग हेमराजला, आणि त्याला पाहून त्यांच्या हातातली परडी खाली पडली. पुढं येऊन त्यांनी त्याचं मनगट धरलं. दाबून बघितलं, भाजी बघतात तसं. म्हणाल्या, “आहेस ना रे तू? मग ही काल काय विचारत होती?”

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. काल चारच्या सुमारास मी त्यांच्याकडे आले. एकटी. पायी. चपला हातात, पाय पोटरीपर्यंत धुळीनं भरलेले. पत्रिका नव्हती. आत ये म्हटलं तर आले नाही. एकच विचारलं, हेमराज इथं आला का? त्यांनी नाही म्हटलं, पाणी दिलं. अख्खा तांब्या उभ्यानंच प्यायले. मग ऊन उतरेपर्यंत ओट्याच्या कडेला बसून रस्त्याकडे बघत राहिले. त्यांनी कोरीटला फोन लावायला आत जाऊन चष्मा शोधला, तोवर मी नव्हते.

त्यांना वाटलं, आमचं भांडण झालं.

हेमराजनं त्यांना काय सांगितलं आठवत नाही. पत्रिका दिली. गाडीत बसताना मावशींनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, “ती वाईट नव्हती गं. फार दमली होती.”

रस्त्यात मी हेमराजला विचारलं, तिचा हेमराज कुठं गेला असेल? त्यानं गाडी थांबवली. स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला. मग म्हणाला, आता पुरे. उरलेल्या पत्रिका पोस्टानं जातील. घरी आल्यावर त्यानं आईला सांगितलं की गाडीचा क्लच गेलाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

कुठंच गेलो नाही. पापड लाटले. बायका गाणी म्हणत होत्या, मला अर्थ कळत नव्हता, पण हात चालू होते. बरं वाटत होतं.

अकराला फोन. धानोऱ्याहून भटूमामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ. सासूबाईंनी स्पीकर लावला, त्यांना कानाशी धरून ऐकू येत नाही. मामा ओरडून बोलत होते. “ताई, तुन्ही सून एकलीच उनी काल. हेमराज कोठे शे?”

तुझी सून काल एकटीच आली, हेमराज कुठं आहे. एवढं मलाही कळलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

धानोऱ्याला आम्ही गेलोच नाही. काल आम्ही शांतीमावशींकडे होतो, आणि तिथून थेट घरी. हे मी सासूबाईंना सांगितलं. हेमराजनंही सांगितलं. सगळं सांगितलं, फुईंपासून. सासूबाई ऐकत राहिल्या. त्यांनी मला जवळ बसवलं नाही, दूरही केलं नाही. फक्त विचारलं, तू खरंच काल शांतीकडून थेट घरीच आलीस ना?

मी हो म्हणाले. पण त्यांनी ते विचारलं.

दुपारी खोलीत हेमराजला सांगितलं की मी आता या उंबऱ्याबाहेर एकटी पाऊल टाकणार नाही. मी गेलेच नाही तर मी एकटी कुठं पोचणार? तो म्हणाला, बरोबर. मग म्हणाला, पण मामाला तोंडी तरी आमंत्रण द्यायला हवं, आईचा एकुलता भाऊ आहे. मी म्हणाले, तू जाणार नाहीस. शपथ घेतली त्यानं. माझ्या डोक्यावर हात ठेवून.

त्याचा हात जड वाटला. चांगला वाटला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ.

न्हाऊन आले तर गाडी नाही.

भाग्येशकडे निरोप ठेवलाय. धानोरा फक्त, जेवायच्या आत परत येतो. दीपूला सांग रागावू नको, तिच्या डोक्यातली भीती एकदाची जाऊ दे. मामा समोर मला एकट्याला बघतील आणि संपेल सगळं.

त्याला वाटतं, एकट्यानं धोका मला आहे. त्याला कळलंच नाही. ती मला शोधत नाहीये. ती प्रत्येक दारात हेमराजला—

फोन लावला. वाजतोय. उचलत नाही.

साडेदहा. अजून वाजतोय.

मी काल ठरवलं होतं की उंबरा ओलांडणार नाही. सासूबाई म्हणाल्या, थांब, भाग्येशला मोटारसायकलवर पाठवू. नवरदेवाला गावाबाहेर पाठवू म्हणाल्या, म्हणजे त्याही घाबरल्यात. मी थांबले नाही. फाट्यावर कालीपिली उभी होती. जीपमध्ये अकरा जणांत बसून हे लिहितेय, म्हणून अक्षर असं.

दुपार.

धानोऱ्याच्या फाट्यावर उतरले. मिरचीच्या शेतात एक जोडपं तोडणीला होतं. सातपुड्यातल्या काठी गावाकडचे, होळीला गावी परत जाणार म्हणाले. कमलीबाई आणि आमशा. त्यांना विचारलं, पांढरी गाडी गेली का. कमलीबाई हसली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, गेली ना, तूच तर बसलीस. इथंच तर उभी होतीस सकाळपासून. मी तुला पाणी दिलं. मग तो आला, गाडी थांबवली, दार उघडलं, तू बसलीस. आमशा म्हणाला, तो लई खूश झाला होता तुला बघून.

कमलीबाई माझ्याकडे बघता बघता हसायची थांबली. माझे पाय बघत होती. जीप भरल्यामुळे टपावरच्या माणसांनी घाई केली आणि उतरताना माझी एक चप्पल आतच राहिली.

मी धावले.

भटूमामांचं घर. मामी दारात. एक हात कपाळावर, ऊन होतं. मी काही बोलायच्या आत—

“आत्तेच तं गयी तू, त्याना संगे!”

आत्ताच तर मी त्याच्यासोबत गेले म्हणे. ओटी भरली म्हणे. जोडीनं आलात, बरं वाटलं. परवा एकटी आलीस तर मामांना घोर लागला होता. नारळ, तांदूळ, खण. पाटावर दोघांना बसवून कुंकू लावलं. पाट अजून तिथंच होते. दोन. एकावर तांदूळ सांडलेले.

मी म्हणाले, मामी, ती मी नाही.

मामी एक पाऊल मागं गेल्या. मग आणखी एक. मग त्यांनी दार लोटलं. जोरात नाही. हळू, कुत्रं आत येऊ नये म्हणून लोटतात तसं.

दुपार, नंतर.

गाडी दिसली. इथं सगळं दिसतं. गावाबाहेर, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, तिथं उभी. हेमराज हातात दोन ग्लास घेऊन येत होता. ती पुढच्या सीटवर. पाय बाहेर सोडून.

मी हाक मारली. पूर्ण नावानं. पळत होते, केस सुटले होते, एक पाय अनवाणी, घशातून आवाज भलताच निघत होता.

त्यानं वळून पाहिलं.

मी त्याचा चेहरा अकरा महिने रोज पाहिलाय. तापात, रागात, झोपेत. असा कधी नाही. ग्लास पडले. तो मला घाबरला. मला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि धावत तिच्या बाजूला गेला. तिचे पाय उचलून आत घेतले. दार लावलं. तिला वाचवत होता.

मी काचेवर हात मारले. हेमराज, मी आहे, मी, जीपनं आले, भाग्येशला विचार. तो किल्ली लावत होता, बघत नव्हता माझ्याकडे. ती बघत होती.

तिनं काच बोटभर खाली केली. माझाच आवाज. चिपळूणचाच. हळू बोलली, त्याला इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.

“मी पण अशीच पळत आले होते. मला पण नाही उघडलं त्यानं.”

मी म्हणाले, तो माझा आहे.

“हो गं,” ती म्हणाली. रडत होती. “माझा पण होता. चालत राहा. गाडी येते. तो एकटा असला की बस.”

काच वर गेली.

संध्याकाळ.

घरी फोन लावला. भाग्येशनं उचलला. वहिनी, कुठवर आलात, दादा म्हणाला दोघं निघालोय. मी म्हणाले, भाग्येश, ऐक, त्याच्यासोबत आहे ती मी नाही. तो हसला. मग थांबला. म्हणाला, थांबा, गाडी आलीच दारात. मग त्याच्या फोनमधून मला हॉर्न ऐकू आला. लांबलचक. आम्ही पहिल्या दिवशी आलो तसा. सासूबाईंचा आवाज. आणि मग माझा. आई, क्लच झाला हो नीट.

भाग्येशनं हळूच विचारलं, कोण बोलतंय?

मी दीपमाला म्हणाले.

त्यानं फोन ठेवला. नंतर लागलाच नाही.

८ असेल. शनिवार.

चालतेय. कोरीटला जायला निघाले होते. रस्ता तोच. सातपुडा उजवीकडे हवा. डावीकडे आहे. ऊस, पपई, ऊस.

काल उसाच्या पाचटावर पडून राहिले. झोप नाही. पाय थांबत नाहीत, पडल्या पडल्याही चालत होते.

तिचा राग करायचा प्रयत्न करतेय. होत नाही. किती दिवस चालली असेल.

मी नाही करणार असं. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचता येईल. मी दुसऱ्या कुणा दीपमालाच्या— ती पण न्हाऊन बाहेर येईल आणि अंगणात गाडी— नाही. मी नाही करणार.

एका घरी विचारलं. हेमराज आला का. नाही म्हणाले. आत या म्हणाले. मला आत जाता येईना, आत गेले तर रस्ता दिसत नाही.

कळत नाही कोणता वार

फोन बंद. दुसरी चप्पल पण टाकली.

भूक नाही. तहान फार. एक बाई मिरची तोडत होती, तिनं पाणी दिलं. सकाळपासून इथंच उभी आहे. फाटा आहे. ऊन वर आलंय.

मी नाही करणार

धूळ दिसतेय. लांब. पांढरी आहे. इथं सगळं आधी दिसतं, मी वही मिटून उसात लपू शकते, वेळ आहे, अजून वेळ—

गातोय. बेसूर. खिडकी उघडी.

एकटाच आहे.

बघितलं त्यानं मला. हसला. देवा, कसा हसला. गाडी थांबवतोय. म्हणतोय, दीपू, तू इथं कशी, घरीच बस म्हटलं होतं ना. हात लांब करून दार उघडलंय. सीटवर पत्रिकांची पिशवी होती, ती मागं टाकली, जागा केली. मी त्याला सांगणार आहे. सगळं सांगून त्याला परत पाठवणार. फक्त दोन मिनिटं टेकते, पाय फार—